माकडं बाईला भीत नाहीत

पाहुण्याच्या बशीतलं केळं उचललं गेलं तेव्हा नाइपानोई त्या टेबलापासून काठीभर अंतरावर उभी होती. काठीही हातातच होती. ती ओरडली, काठी आपटली, दोन पावलं धावली. फाटक्या कानाची माकडीण टेबलावरून उतरून कठड्यावर बसली आणि नाइपानोईकडे बघत सावकाश केळं सोलू लागली. पाहुण्यांनी फोटो काढले.

"नाइपानोई," मागून लॉजच्या मॅनेजर किलेओबाई म्हणाल्या, "ती तुला बघून पळत नाहीये. तुला बघत जेवतेय."

"नवीन आहे ना बाई मी. ओळख व्हायचीय."

"ओळख झालीय म्हणूनच तर बसलीय."

राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकाबाहेरचा तो लॉज ना श्रीमंतांचा, ना फाटक्यांचा. गरम पाणी सकाळ-संध्याकाळ यायचं. पोहायचा तलाव होता, पण चौघं उतरले की पाचव्यानं काठावर बसून वाट बघायची. इथं उतरणारा पाहुणा सिंह दिसला नाही तर नशिबाला बोल लावतो. न्याहारी माकडानं पळवली तर मात्र लॉजला. किलेओबाईंचा हिशेब सरळ होता. सिंह सरकारचे, माकडं आपली. म्हणून जेवणाच्या उघड्या ओट्यावर त्यांनी माकडं हाकलायला माणूस ठेवला होता, आणि तो माणूस म्हणजे नाइपानोईचा नवरा लेकिशोन. तांबडा शुका अंगाभोवती गुंडाळलेला तो उंच मसाई ओट्याच्या टोकाला नुसता दिसला, तरी काळतोंड्यांची अख्खी टोळी बाभळीवर चढायची.

पावसाळ्यात मोटरसायकल घसरली आणि त्याचं कमरेचं हाड मोडलं. नाइपानोई त्याच लॉजात चादरी धुवायची. ती आपण होऊन किलेओबाईंपुढे उभी राहिली. धुणंही बघीन, माकडंही बघीन, म्हणाली.

"माकडं बाईला भीत नाहीत," किलेओबाई म्हणाल्या होत्या. "मी बाईच आहे, मला तरी इथं कोण भितं? पण बघ. शनिवारी मोठा गट येतोय, तोवर तू. जमलं नाही तर गावातला एखादा तरणा घेईन. आणि एकदा घेतला की काढणार नाही, हे आत्ताच सांगते."

घराबाहेर गेलेलं काम घरात परत येत नाही, हे नाइपानोईला कुणी सांगायला नको होतं. नवरा आता गुरांमागेही जाऊ शकणार नव्हता. चादरींच्या पगारात घर चाललं असतं, लेकीची, सिमालोईची शाळा नाही. आणि सिमालोईला शाळेतून काढायचं नाही, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

दिवस मावळायच्या आत ती घरी आली. लेकिशोन दाराशी पाय पसरून बसला होता.

"सिमालोईचे बाबा, तुमचा शुका द्या."

"कशाला?"

"अंगावर घ्यायला. माकडं त्याला भितात."

"कपड्याला कशाला भितील? मला भितात."

"मग तुम्हीच स्वतःची घडी घालून द्या. पिशवीतून नेते."

लेकिशोन हसला. शुका दिला, वर सल्लाही दिला. बसून राहिलेल्या माणसाकडे सल्ल्यांना तोटा नसतो. छाती काढून चाल. सरळ डोळ्यात बघ. शेवटी म्हणाला, "नाही जमलं तर मनाला लावून घेऊ नको. बाई माझी जागा ठेवतील. मला काय आज ओळखतात त्या?"

किलेओबाईंना नाइपानोईही ओळखत होती. तिनं शुका पिशवीत घातला.

ओट्यावर शुक्याचा परिणाम व्हायचा तोच झाला. फाटक्या कानाची ती म्होरकी माकडीण आधी बिचकली, मग मान वाकडी करून तिनं खात्री करून घेतली आणि पावाची टोपली उपडी केली.

"कपडा ओळखला हो वहिनी," वाढपी शबानी म्हणाला. "आत कोण आहे तेही ओळखलं."

त्या दिवशी परतताना तिला शेजारीण मक्यात माकडं हाकलताना दिसली. ती ओरडली, बांधापर्यंत धावली आणि वळली, कारण चुलीवर मक्याच्या पिठाच्या उगालीचं पातेलं होतं. ती पुरती वळायच्या आधीच माकडं पुन्हा कणसांवर होती. नाइपानोई उभी राहून बघत राहिली. तिनं स्वतः आयुष्यभर हेच केलं होतं. बाई बांधापर्यंत येते. तिच्यामागे काहीतरी करपत असतं. पुरुष निघाला की निघाला. माकडांनी हे केव्हाच हेरून ठेवलं होतं.

सकाळी तिनं शुका घरीच ठेवला. लॉजात सगळ्यांना बजावलं, "आज मला कुणी हाक मारायची नाही."

फाटक्या कानाची आली तेव्हा ती ओरडली नाही. चालू लागली. माकडीण कठड्यावर गेली, ही कठड्याशी. माकडीण तलावाकडे, ही तलावाला वळसा घालून. तंबूंच्या रांगेतून, वाळत घातलेल्या चादरींखालून दोघी बाभळीपाशी पोहोचल्या. टोळी वर चढली. नाइपानोई खाली बसली. माकडं पलीकडून उतरू लागली की उठून पलीकडे जायची.

"नाइपानोई, चादरी तशाच पडल्यात," किलेओबाई लांबून म्हणाल्या.

"पडू देत बाई. रात्री धुते."

शबानी कप घेऊन आला. "वहिनी, चहा निवतोय."

"निवू दे."

दुपारी वर एक पिल्लू भुकेनं कुरकुरू लागलं. तिनं मान खाली घातली, पण उठली नाही. उन्हं कलल्यावर टोळी फांद्याफांद्यांवरून नदीकडे निघून गेली.

दुसऱ्या दिवशीही ती मागे गेली. त्यानंतर तलावापर्यंतच जावं लागलं. पुढे नुसतं उभं राहणं पुरलं.

शनिवारी गट आला, आणि भाजीच्या गाडीतून लेकिशोनही आला. अंगावर शुका, बगलेत कुबडी.

"आलो बाई," तो किलेओबाईंना म्हणाला. "आता माझं मी बघतो."

नाइपानोई पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली होती. कठड्यावर टोळी जमत होती. लेकिशोननं छाती काढली आणि त्यांच्याकडे रोखून बघितलं. फाटक्या कानाच्या माकडिणीनं कुबडी बघितली, पाय बघितला, आणि खाली उतरून साखरेच्या भांड्यात हात घातला. तो एक पाऊल पुढे झाला. दुसरं आलं नाही. पाहुणे हसले, कॅमेरे वर झाले. किलेओबाई नजर वळवून उगाच एक टेबल पुसू लागल्या.

नाइपानोई दारात येऊन थांबली. तेवढा क्षण तिनं त्याला दिला. त्यापुढचा देण्यासारखा नव्हता. ती चालत निघाली. आवाज नाही, काठी वर नाही. टोळी साखर टाकून बाभळीवर गेली.

"शिंप्याकडे माप देऊन ये," किलेओबाई पुसता पुसता म्हणाल्या. "बाईच्या मापाचा गणवेश नाहीये आपल्याकडे."

"जाते बाई."

लेकिशोन ओट्याच्या पायरीवर बसला. दुखरा पाय पायरीभर आडवा पसरला होता. बाभळीकडे बघत तो म्हणाला, "आता तंबूंकडून येतील. मागच्या बाजूनं."

"हो," ती म्हणाली, आणि त्या बाजूला निघाली. पायरीशी तिची पावलं मंदावली. लेकिशोननं दोन्ही हातांनी आपला पाय उचलला आणि आत ओढून घेतला.

ती सरळ उतरून गेली.