कोंडलेला महादेव

रांजणाच्या तळाला तांब्या खरडला आणि दुपारच्या सुन्न घरात तो आवाज दातांवर आला. दानम्मानं मांडीवरची पुठ्ठ्याची कार्डं खाली ठेवली. कावेरी कमरेपर्यंत रांजणात वाकली होती.

"लाल पानी हाय, आई."

"थांब, गाळून देते."

पदराच्या दोन घड्यांतून अर्धा तांब्या निघालं. पोरीला पाजून ती पुन्हा कार्डांपाशी बसली. जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर मासिकांतून कापलेली चित्रं: खरोशाची लेणी, होट्टलच्या दगडी नर्तकी. सोमवारी नांदेडला कलेतिहासाच्या एम.ए.ची शेवटची सर्वंकष परीक्षा होती. पोरगी झोपली की, तव्यावर भाकरी फुगेस्तोवर, असा दोन वर्षं तिनं अभ्यास केला होता. नवरा बसवंत लातूरला आडतीवर कामाला. लातूर नवा जिल्हा झालाय, कॉलेजात जागा निघतील, पास हो, मग इथं नळ असलेल्या खोलीत राहू, असं त्याचं पत्र होतं. पण सासऱ्यांनी अजून 'जा' म्हटलं नव्हतं.

दारातून शेजारची रत्नम्मा डोकावली. कडेवर सहा महिन्यांचा नातू, डोक्यावर घागर.

"मास्तरीणबाई, ह्या दगडाच्या बाया वळखून पोट भरतंय का? चल की. महादेव कोंडून राहिलेत."

पावसानं ओढ दिली की गाव महादेवाचा गाभारा पाण्यानं भरी. पिंड बुडाली, देवाचा जीव गुदमरला, की तो पाऊस सोडतो. आणि पाऊस येईस्तोवर त्या पाण्याला हात लावायचा नाही. यंदा गावात ओली विहीर एकच उरली होती.

रत्नम्मा गेली तसे सासरे, सिद्रामप्पा, ओल्या धोतरानं उंबऱ्यात आले.

"दानम्मा, दीडशे घागरी वतल्या. पानी चढंना. कुठं मुरतंय, तुज्या बुकात हाय का?"

तिला ठाऊक होतं. परीक्षेच्या निबंधासाठी तिनं ते देऊळ शिंप्याच्या टेपनं मोजलं होतं. गप्प राहिलं तर दिवस मावळेस्तोवर माणसं थकतील, आणि विहिरीत पंधरा दिवसांचं पाणी राहील, हेही ठाऊक होतं.

"मामा, सोमवारी मला नांदेडला..."

"जा की. म्या कुठं न्हाई म्हनलो?"

तिनं खाली पाहिलं. "उत्तरेच्या कोपऱ्यातली फरशी उचला. त्याखाली पाणी जायची वाट हाय."

काळी माती, शेण, चिंध्या कोंबून भोक बुजवलं. दिवेलागणीच्या आत पिंड बुडाली. विहिरीतून शेवटची घागर चिखल घेऊन वर आली. "आमच्या सुनंनं दावली वाट," सिद्रामप्पा ज्याला त्याला सांगत होते.

नांदेडला तोंडी परीक्षेत परीक्षक सरांनी एक फोटो पुढं सरकवला. मगरीच्या तोंडाचं दगडी पन्हाळं.

"हे काय? आणि कशासाठी?"

"मकरप्रणाल. गाभाऱ्यात पाणी कोंडू नये म्हणून, सर."

"छान!" सर म्हणाले. समोर पाण्याचा भरलेला पेला होता. तो तिला उचलवला नाही.

महिन्याभरानं पास झाल्याचं कार्ड आलं. पाऊस आला नाही. टँकरचा कागद जुन्या जिल्ह्यातून नव्यात यायचा होता. बाया दोन कोसांवर ओढ्यात झिरे उकरून गढूळ पाणी आणत. त्या पाण्यानं गावात जुलाब सुरू झाले, आणि रत्नम्माचा नातू तीन दिवसांत गेला. आता ती 'मास्तरीणबाई' म्हणत नाही. दानम्मा समोरून आली की पदर पुढं ओढून बाजूनं निघून जाते.

एक दिवस झिऱ्यावरून येताना कावेरी देवळापाशी थांबली. गाभाऱ्यात पाणी हिरवं झालं होतं, वर बेलाची पानं कुजून तरंगत होती. पोरीनं फुटलेल्या ओठांवरून जीभ फिरवली.

"आई, ह्या पान्याची वाट तुलाच ठावं हाय म्हनतेत समदे."

दानम्मानं डोक्यावरची घागर सावरली.

"मंग तू सोडत का न्हाईस?"