चौरंगावरची दौत

निर्मलकुमारांनी पिवळ्या शाईची सिरिंज कार्ट्रिजच्या भोकात खुपसली आणि दाबली. थोडी शाई आत गेली, बाकीची सदऱ्यावर. या उद्योगात त्यांची बोटं इतकी रंगलेली असत, की गेल्या मतदानाला केंद्रावरच्या माणसानं "काका, तुमचं झालंय" म्हणून लांबूनच हात जोडले, असं ते शपथेवर सांगत.

"पप्पाजी, आता निळी संपली," त्यांची सून चेलना म्हणाली. पापडाच्या पुडीचं लेबल निम्मं रंगीत, निम्मं कावीळ झाल्यासारखं निघालं होतं.

शेजारी दुसरा प्रिंटर होता. त्याची शाई बाहेरच्या टाकीत. चार रंगांच्या चार बारीक नळ्या तिथून थेट मशीनच्या पोटात गेलेल्या. सिरिंज नाही, खोळंबा नाही. दोन्ही प्रिंटर रोनकच्या दुकानातून वापरून बघायला आणलेले. दिवाळीच्या पाडव्यानंतर एक परत जाणार. मेहरूण भागातल्या पापडवाल्या बायका आता कुठे चेलनाकडे लेबलं टाकू लागल्या होत्या. नळ्यांचं मशीन गेलं, तर त्याही जाणार.

सासूबाईंना, प्रेमकुंवरबाईंना, मात्र नळ्या बघवत नव्हत्या.

"घरात सलाइन लावलेला पेशंट ठेवल्यासारखं दिसतं! डबीत शाई भरायची, बूच लावायचं, विषय संपला. आपल्याला काय छापखाना टाकायचाय?"

त्या एकदा बोलल्या की त्या घरात भिंतीवरचं घड्याळसुद्धा परवानगी घेऊन पुढे सरकत असे. निर्मलकुमार कुणाचीच बाजू घेत नसत. नळ्यांपुढे उकिडवे बसून नुसते निरखत.

"आठ दिवस छापलंच नाही तर गं?"

"वाळते शाई. दोन्हींतली."

"अस्सं," म्हणत ते पुन्हा निरखू लागत.

लक्ष्मीपूजनाला चौरंगावर वह्या मांडल्या, लेखणी ठेवली. साफसफाईच्या नावाखाली नळ्यांचं मशीन निर्मलकुमारांनी सकाळीच चौरंगाच्या पायाशी सरकवलं होतं. दौत ठेवायची वेळ आली, तशी त्यांनी नळ्यांसकट टाकी उचलली, लक्ष्मीशेजारी ठेवली आणि कुंकू लावलं.

"पप्पाजी!" चेलना पुढे धावली. "टाकी वर नि मशीन खाली, असं नाही चालत. शाई उतरून सगळी आत सांडेल!"

"अरेरे. मग दौत खाली घेऊ?"

"हात लावू नका!" प्रेमकुंवरबाई कडाडल्या. "आसनावर बसवलेली दौत आरतीआधी उठवायची? ऐन दिवाळीत? ते मशीनच वर घ्या."

"पण परत द्यायचं झालं तर..." निर्मलकुमार म्हणाले.

"पुजलेलं परत देतात होय कुणी? रोनकला म्हणावं, ते दुसरं ने." आणि त्यांनी स्वतः लाडवांचं ताट सरकवून जागा केली.

चेलनानं प्रिंटर उचलून टाकीच्या बरोबरीनं ठेवला. आरती सुरू झाली. नळ्या सारख्या करायला तिनं मागे हात घातला, तर बोटांना कपडे वाळत घालायचा चिमटा लागला. चारही नळ्या एकत्र घेऊन कुणीतरी घट्ट आवळल्या होत्या. शाई जागची तसूभर हलली नव्हती.

तिनं मान वर केली. निर्मलकुमार डोळे गच्च मिटून, सगळ्यांच्या वरच्या पट्टीत आरती म्हणत होते.

चेलनानं चिमटा अलगद सोडवला, कमरेला खोचला आणि टाळ्यांचा ठेका धरला.