निळ्या फितीचा काटा

३ किलो २००.

मित्रांनो, ही माझी बोली. मी एक जुना काटा, तान्ह्या बाळांचं वजन करणारा. आकड्यांखेरीज दुसरं काही मला नीट बोलता येत नाही, म्हणून गोष्ट सांगताना मी मधेच एखादा आकडा बोलून जाईन. सांभाळून घ्या.

माझं बूड बिडाचं आणि दांडी पितळेची. दांडीवर एक छोटं वजन सरकतं आणि डोक्यावर वेताची टोपली आहे. मला घडवलं योर्गेन सांड नावाच्या कारागिराने. त्याचा हात लोण्याच्या काट्यांवर बसलेला. एके दिवशी राजवाड्यातून पत्र आलं, तान्ह्या बाळांसाठी बावीस काटे हवेत म्हणून. योर्गेनने ते दोनदा वाचलं आणि बायकोला विचारलं, "आता काय बाळं विकायला काढणार आहेत का?"

थट्टा केली, पण कानस त्याने अशी चालवली की माझ्यापासून दहा ग्रॅमसुद्धा लपत नाहीत. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बरं, थोडी बढाई आहे.

पत्र राणी ओत्तीली यांचं होतं. राज्य राजाचं होतं. राणीसाहेब म्हणजे राजाची पत्नी. त्यांना कायदा करता येत नव्हता की साध्या शिपायालाही हुकूम सोडता येत नव्हता. एकोणिसाव्या वर्षी त्या डोंगराळ मुलखातून लग्न होऊन आल्या, तीन दिवस बोटीत उलट्या करत. आमची भाषा त्यांच्या तोंडात शेवटपर्यंत जरा अडखळतच राहिली. त्यांचं पहिलं बाळ सात आठवड्यांचं होऊन गेलं. राजवैद्य रोज येत, नाडी बघत, सगळं ठीक आहे म्हणत. राजवाड्यात भिंतीवरची सतरा घड्याळं होती, पण बाळाचं वजन करायला एकही काटा नव्हता. ते लेकरू रोज थोडं थोडं उतरत गेलं आणि कुणाला दिसलंच नाही.

राणीसाहेबांनी वर्षभर काळे कपडे घातले. मग त्यांनी आपल्या वाट्याचे घोडे देऊन टाकले, रिकाम्या तबेल्यात चुली मांडल्या आणि तिथे बाटल्यांतून दूध उकळायला सुरुवात केली. त्या बाटल्या तारेच्या टोपल्यांतून बावीस बंदरांना जाऊ लागल्या. प्रत्येक बंदरात एक दूधघर निघालं, तिथे एक परिचारिका आणि एक काटा. आयांनी दर गुरुवारी बाळाला घेऊन यायचं, रिकाम्या बाटल्या द्यायच्या, भरलेल्या न्यायच्या. नियम एकच: मागच्या गुरुवारपेक्षा वजन उतरलं असेल, तर त्याच दिवसापासून बाटल्या दुप्पट. नियम राणीसाहेबांनी स्वतः लिहिला होता. त्यात 'वाटलं तर' हे शब्द नव्हते. आकडा हवा.

म्हणजे मी हवा.

टोर्नहाव्हनच्या दूधघरात मी पोचलो तेव्हा हेरिंग माशांचा हंगाम होता. उद्घाटनाला राणीसाहेब आल्या. आमच्या परिचारिका सिस्टर टोरबोर्ग, उंच, रुंद हाडाच्या, बंदरातले खलाशीसुद्धा त्यांना घाबरत. त्यांच्या एका हातात एक रडणारं बाळ होतं, दुसऱ्या हातात दुसरं. तिसरं मासे कापणाऱ्या रानवेइगचं होतं. त्याचं नाव एस्किल. दोन महिन्यांचा, चेहरा म्हाताऱ्यासारखा सुरकुतलेला. राणीसाहेबांनी हातातले मोजे काढले, एस्किलला उचललं, माझ्या टोपलीत ठेवलं आणि स्वतः वजन सरकवलं.

३ किलो २००.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो सर्वांत मोठा क्षण. आणि त्याच क्षणी माझा घात झाला.

आमच्याकडे एक जुनी रीत आहे. राजघराण्याचा उघडा हात ज्या वस्तूला लागला, तिला पुन्हा दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. निळी फीत बांधायची आणि मानाने ठेवून द्यायची. म्हाताऱ्या राजाने एकदा गंमत म्हणून ओढलेलं वल्हं आजही चर्चच्या भिंतीवर ठोकलेलं आहे. राजे फारशा गोष्टींना हात लावत नसत, तोवर रीत सगळ्यांना सोयीची होती. कामाला हात घालणाऱ्या राणीसाठी मात्र दरबारच्या बायकांनी एक युक्ती काढली होती. मोजे घालून लावलेला हात धरत नसत. त्या दिवशी राणीसाहेब विसरल्या. किंवा मोज्यांची लोकर बाळाला टोचेल एवढंच त्यांच्या ध्यानात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नगराध्यक्ष हाल्वार्ड क्रूसे स्वतः आले. माणूस वाईट नव्हता. डोळ्यांत पाणी आणून त्यांनी मला निळी फीत बांधली आणि नगरसभेच्या दालनात, आपल्या टेबलासमोर, काचेच्या कपाटात ठेवलं. कुलूप लावलं. रोज सकाळी ते आपल्या रुमालाने काच पुसत. येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगत, अख्ख्या किनाऱ्यावर असा काटा फक्त आपल्याकडे आहे.

गुरुवार. काही नाही.

गुरुवार. काही नाही.

गुरुवार. टोपलीत एक माशी बसली. दहा ग्रॅमच्या आतली, म्हणजे माझ्या दृष्टीने काहीच नाही.

गुरुवार. सिस्टर टोरबोर्ग आल्या.

त्यांना धक्क्यावरचा माशांचा काटा दिला होता. त्यावर अर्ध्या किलोखाली खूणच नव्हती. एस्किल हाताला हलका लागतोय, असं सिस्टरनी राजधानीतल्या डॉक्टरांना कळवलं. उत्तर आलं, आकडा पाठवा. नवा काटा मागितला, तर उत्तर आलं, तुमच्या गावाला काटा दिलेला आहे. हे सगळं त्यांनी नगराध्यक्षांना उभ्या उभ्या सांगितलं.

"सिस्टर," क्रूसेसाहेब मऊ आवाजात म्हणाले, "राणीसाहेबांचा हात लागलाय त्याला. तुम्हाला अभिमान नाही का वाटत?"

"वाटतो ना. पण साहेब, पोराचं वजन अभिमानावर कसं करू?"

साहेबांनी रीत समजावून सांगितली. कॉफी मागवली. सिस्टरनी ती प्यायली नाही. जाताना त्या काचेपाशी थांबल्या आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "बसलास मान खात."

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी खाली घातलं असतं. कारण खरं सांगायचं तर पहिले दोन आठवडे मला ते आवडलं होतं.

गुरुवार.

गुरुवार.

गुरुवार.

एस्किल खाली बंदरात, तीनशे पावलांवर होता. तो उतरतोय की चढतोय, हे जगात फक्त मी सांगू शकत होतो. आणि मी चकचकीत होतो.

सातव्या गुरुवारी, काही न कळवता, राणीसाहेब दूधघरात आल्या. पुढचं मी नंतर सिस्टरच्या तोंडून ऐकलं, त्या सगळ्यांनाच सांगत असत. राणीसाहेबांनी माशांचा काटा बघितला आणि विचारलं, माझा काटा कुठे गेला?

"तुम्हीच नेलात, राणीसाहेब," सिस्टर म्हणाल्या. "तुमच्या हातानं."

थोड्या वेळाने नगरसभेच्या दालनाचं दार उघडलं. पुढे राणीसाहेब, मागे सिस्टर, त्यांच्यामागे शालीत गुंडाळलेल्या एस्किलला घेऊन रानवेइग, मासे कापायच्या एप्रनसकट. क्रूसेसाहेब लगबगीने उठले. राणीसाहेबांनी माझ्याकडे बघितलं, कुलपाकडे बघितलं. रागाचा शब्द काढला नाही. काटा परत द्या, असंही म्हणाल्या नाहीत. तो त्यांचा अधिकारच नव्हता.

त्यांनी उजव्या हाताचा मोजा काढला. एकेक बोट सोडवत, सावकाश.

मग क्रूसेसाहेबांच्या दौतीवर हात ठेवला. "सुंदर आहे," म्हणाल्या. मग नगराच्या शिक्क्यावर. मग कॉफीच्या किटलीवर. मग सिंहाचं तोंड कोरलेल्या त्या मोठ्या खुर्चीवर, दोन्ही हातांवर आणि पाठीवर. दारातला कारकून बोटांवर मोजत होता. मग त्या दाराकडे गेल्या आणि मूठ पकडली.

"राणीसाहेब," क्रूसेसाहेबांचा आवाज चिरकला, "दाराची मूठ नको. आम्ही बाहेर कसे जाणार?"

राणीसाहेब परत फिरल्या. साहेबांच्या गळ्यात नगराध्यक्षपदाची साखळी होती, ती जरा तिरकी झाली होती. ती सरळ करायला त्यांनी हात पुढे केला. साहेब एक पाऊल मागे सरले.

"रीत मोडायचा मला अधिकार नाही," राणीसाहेब आपल्या अडखळत्या बोलीत म्हणाल्या. "मला फक्त हात लावता येतो."

क्रूसेसाहेबांनी खिशात हात घातला आणि किल्ली काढली. त्यांचे कान लाल झाले होते. म्हणाले, रीत जुनी आहे, पण ती वल्ह्यांसाठी होती. यापुढे टोर्नहाव्हनमध्ये असं ठरलं समजा, की राणीसाहेबांचा हात ज्या कामासाठी लागला त्या कामाला ती वस्तू लागलीच पाहिजे.

"मग खुर्चीसुद्धा?" राणीसाहेबांनी विचारलं. "मी ती दूधघरातल्या आयांसाठी बघत होते."

सिस्टर टोरबोर्गना हसताना गावाने तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

मला तिथेच, नगराध्यक्षांच्या टेबलावर ठेवलं. रानवेइगने शाल सोडली. टोपलीत पुन्हा ते ओळखीचं अंग आलं, आणि मला वजन सरकवायच्या आधीच कळलं. दांडी वर जाईना. सिस्टरनी वजन मागे घेतलं, आणखी मागे.

३ किलो ०९०.

सात आठवडे वाढायचं ते राहिलंच, उलट एकशे दहा ग्रॅम गेले होते. रानवेइगने एप्रनचा काठ घट्ट धरला. क्रूसेसाहेबांनी आकडा दोनदा वाचला आणि मग, मित्रांनो, त्यांनी स्वतः मला दोन्ही हातांत उचललं, एखाद्या बाळाला घ्यावं तसं, आणि बंदराचा उतार उतरून दूधघरात आणून ठेवलं. बाटल्या त्याच दिवसापासून दुप्पट झाल्या.

३ किलो १५०.

३ किलो ३३०.

३ किलो ५८०. त्या दिवशी रानवेइगने माझ्या दांडीचा मुका घेतला. तिच्या ओठांना माशांचा वास होता.

पुढची एकतीस वर्षं मी कामावर होतो. सिंहाच्या खुर्चीत बसून आया बाळांना पाजत, आणि क्रूसेसाहेब आपली मुदत संपेपर्यंत एका साध्या स्टुलावर बसले. राणीसाहेब पुढे अनेकदा आल्या, दरवेळी मोज्यांशिवाय. त्या वारल्या तेव्हा राजधानीत तोफांची सलामी झाली. आमच्याकडे गुरुवार होता. सिस्टरनी दूधघर बंद ठेवलं नाही.

मग विजेचे काटे आले. माझ्या टोपलीत कुणी छत्र्या ठेवल्या, कुणी कांदे. कांद्यांचं वजनही मी खरंच सांगितलं असतं, पण कुणी विचारलं नाही. पुढे गावाने छोटं संग्रहालय काढलं आणि मला पुन्हा काचेच्या कपाटात बसवलं. काच बघून माझं बूड थंड पडलं होतं.

पण या कपाटाला कुलूप नाही. एस्किल नावाच्या एका धिप्पाड म्हाताऱ्याने सभेत उभं राहून ते लावू दिलं नाही. आजही गावात बाळ जन्मलं की पहिल्या गुरुवारी आई त्याला इथे आणते, काच सरकवते, निळी फीत बाजूला करते.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादी वस्तू मानाने ठेवून दिलेली असेल, आजोबांचं पेन, आजीची पितळी परात. तिला पुसा, जपा, पण अधूनमधून कामाला लावा. कपाटातला मान मी सात आठवडे खाल्ला आहे. त्याला वजन नसतं.

आता थांबतो. जिन्यावर पावलं वाजताहेत आणि कुणीतरी रडतंय. चांगलं जोरात रडतंय.

४ किलो ०२०.