काचेतले डावे बूट

राष्ट्र संकटातून बाहेर पडतं तेव्हा इतिहास पान उलटतो, असं जाणती माणसं म्हणतात. या बाजारात इतिहासाने काही उलटलं नाही. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने दुकानाला ठोकलेल्या फळ्या उपटून जळणाला दिल्या, एवढंच. त्यावरून सगळ्यांनी ताडलं की देशाचं आता बरं चाललंय.

बूटवाल्याच्या गळी हे सहजासहजी उतरेना. एका हिवाळ्यात लागोपाठ तीन सरकारं पडली, तेव्हा जमाव त्याच्या दुकानात दार सोडून काचेतून शिरला होता. तेव्हापासून दर्शनी बाजूला फळ्या आणि आत भर दुपारी दिवा. महागाईचा वेग मंदावला, असं रेडिओ रोज सांगे. म्हणजे भाव चढतच होते, पण आता दम खात खात.

शेवटी निकाल लावला तो मेहुण्याने. बायकोच्या या धाकट्या भावाचं गोदाम होतं, आणि देश कितीही बुडाला तरी गोदाम तरंगतं.

"लावा ना काच," तो म्हणाला. "पण भाऊजी, या वेळी फुटली तर दुकान विसरायचं आणि माझ्या गोदामाच्या दारात येऊन बसायचं. खुर्ची देईन."

'खुर्ची' हा शब्द तो अशा काही मायेने बोलला, की बूटवाल्याने दुसऱ्याच दिवशी काचवाल्याला बोलावलं. काच बसली. ही फुटली तर दुसरी घ्यायची ऐपत त्याच्यात नव्हती, आणि हे घरात सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे कुणी बोलत नव्हतं.

आत त्याने बूट मांडले, शिरस्त्याप्रमाणे फक्त डाव्या पायाचे. या धंद्यातला हा जुना शहाणपणा. जोड मांडला तर चोर उचलतो. एकच मांडला तर विचार करतो. जमावाला विचार करायची सवय नसते. त्या हिवाळ्यात त्यांनी काचेतले सगळे डावे नेले होते, आणि त्यांचे उजवे माळ्यावर विधुरासारखे बसून राहिले होते.

काच पुसून होते न होते तोच समोरच्या फुटपाथवर एक माणूस येऊन उभा राहिला. काखेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी. जड असावं, कारण तो सारखी काख बदलत होता. नजर काचेवर.

कुणाची तरी वाट बघत असेल, असं बायको म्हणाली. दुपारीही तो तिथेच होता. तेव्हा तिने शटरची लोखंडी पहार आणून गल्ल्यामागे उभी केली.

मग चौकातून घोषणा ऐकू आल्या. शेजारचा शिंपी दारात येऊन समजूत घालू लागला, की मागच्या मोर्चात धान्य मागत होते, या मोर्चात पगारवाढ मागतायत; म्हणजे प्रगतीच आहे. एवढं बोलून त्याने आपलं शटर खाली ओढलं. मोर्चा रस्ता भरून आला. बूटवाला काचेमागे हात पसरून उभा राहिला, जणू दगड आलाच तर तो छातीवर झेलणार होता. एकदोघांनी आत डोकावून बूट पाहिले. एकाने काचेत बघून भांग सारखा केला. मोर्चा गेला.

समोरचा माणूस मात्र हलला नव्हता. रस्ता मोकळा झाल्यावर त्याने दोन्ही बाजूंना नीट बघितलं आणि तो सरळ दुकानाकडे चालत आला. बायकोचा हात पहारीवर गेला.

तो दारातून आत आला. चष्मा, इस्त्रीचा सदरा, चारचौघांत उठून न दिसणारा गृहस्थ. त्याने पुडकं गल्ल्यावर ठेवून उलगडलं. आत एक तपकिरी बूट निघाला. डावा.

"याचा उजवा मिळेल का?"

बूटवाल्याने बूट उलटा करून पाहिला. तळाला त्याच्याच हातची खूण होती.

"हा कुठून घेतला?"

"इथूनच."

"कधी?"

गृहस्थाने चष्मा पुसला. "तेव्हा जरा गर्दी होती."

बायकोने पहार उचलली. पण बूटवाल्याच्या मनात भलतंच चाललं होतं. संतापावं तर समोर काच लागल्यापासूनचं पहिलं गिऱ्हाईक. सोडावं तर समोर चोर. त्याने बायकोकडे पाहिलं. तीही आता पहारीपेक्षा गिऱ्हाइकाच्या पायांकडे जास्त बघत होती.

"जोडाचे पैसे पडतील. सगळे. आजच्या भावाने," तो म्हणाला.

"साहजिक आहे," गृहस्थ म्हणाला. "आता दिवस बदललेत."

बूटवाला शिडी लावून माळ्यावर चढला आणि धूळ झटकत उजवा घेऊन उतरला. गृहस्थाने दोन्ही बूट चढवले, नाड्या बांधल्या, दारापर्यंत चालून परत आला. नवरा-बायको त्याच्या पायांकडे बघत होते.

"करंगळीला लागतोय," तो म्हणाला.

एक नंबर मोठा दाखवतो म्हटलं, तर त्याला हाच रंग हवा होता. त्यात मोठा नव्हता. त्याने दोन्ही बूट काढून गल्ल्यावर ठेवले, परत येईन म्हणाला आणि दार हळू लोटून निघून गेला.

अंधार पडल्यावर मेहुणा काच बघायला आला. काच शाबूत होती. विक्री काही झाली नव्हती.