शेवटच्या खुर्चीतला ऑक्सिजन

नर्सिंग कॉलेजात जीवशास्त्र शिकवणाऱ्या बाई सहा वर्षं हंगामी होत्या. भिंतीवरची पाल कायम झाली, बाई नाहीत. आज प्राचार्य आणि बाहेरून आलेल्या तज्ज्ञबाई यांच्यासमोर एक तास घ्यायचा होता. तो पसंत पडला तर प्राचार्य त्यांना कायम करण्याच्या शिफारशीवर सही करणार होते.

विषय होता, पेशी शक्ती कशी बनवते. बाईंनी वर्गाचीच पेशी केली. चार मुली रांगेत उभ्या, चेंडू म्हणजे इलेक्ट्रॉन. तो हातोहात पुढे जाताना त्याच्या जोरावर प्रोटॉन झालेल्या मुलींना मागच्या दाराने व्हरांड्यात हाकलायचं. बाहेर गर्दी झाली की त्या पुढच्या अरुंद दारातून एकेक आत घुसणार आणि घुसताना दारातलं फिरतं स्टूल गरकन फिरवणार. स्टूल फिरलं की एटीपी तयार, म्हणजे पेशीला कामाला लागणारी शक्ती.

रांगेच्या शेवटी खुर्चीत ऑक्सिजन. तो चेंडू घेतो म्हणून साखळी चालते. मानाची जागा म्हणून बाईंनी ती प्राचार्यांना दिली आणि तिथेच घोळ झाला. या गृहस्थांनी बावीस वर्षांत कुणाच्या हातातून काही घेतलं नव्हतं. अर्ज असो की पाण्याचा पेला, म्हणणं एकच, टेबलावर ठेवा, बघतो.

पहिला चेंडू आला. प्राचार्य नजरेनेच टेबल शोधू लागले. टेबल तर बाईंनी सकाळीच बाहेर काढलेलं. चौथी मुलगी चेंडू धरून ताटकळली. तिचे हात भरलेले म्हणून तिसरी अडली, तिसरीमुळे दुसरी. बाहेर कुणी जाईना, आत कुणी येईना, स्टूल ठप्प. बाईंचं डोकं फिरलं. त्यांचे सहा वर्षांचे अर्ज असेच टेबलावर कुजले होते.

"सर, घ्या," त्या म्हणाल्या. "तुम्ही घेत नाही म्हणून पेशी मरायला टेकलीय."

श्वास कोंडला की माणूस असाच जातो, असं तज्ज्ञबाईंनी हसू दाबत सांगितलं. प्राचार्यांचा चेहरा हळूहळू फुलला.

"म्हणजे माझ्यावाचून सगळं अडतं?"

"सगळं," बाई दात आवळून म्हणाल्या. ते खोटंही नव्हतं.

प्राचार्यांनी दोन्ही हातांनी चेंडू घेतला. मग दुसरा, तिसरा. थांबेचनात. मुली धडाधड बाहेर, धडाधड आत, स्टूल भोवऱ्यासारखं. चेंडू संपले तरी त्यांचे हात पुढेच. आणखी काय आहे, असं त्यांनी विचारलं आणि बाईंनी त्या हातांत शिफारशीचा कागद सरकवला.

सही चालू असताना चौथी मुलगी बाईंच्या कानाशी लागली. ऑक्सिजन स्वतः कुणाला ढकलत नाही, नुसता शेवटी बसून आयतं घेतो ना, असं तिने विचारलं.

"हो," बाई पुटपुटल्या. "पण आडनावापर्यंत सही होऊ दे."