मुंगीचा पासवर्ड

"घरात लपवण्यासारखं काय असतं हो बाई?" बसचालक उभ्याउभ्याच बोलत होता, खुर्ची पुढे केली तरी बसला नाही. "मी बाप आहे तिचा. शाळेच्या खात्याचा पासवर्ड मागितला, तर म्हणते कशी, बाईंनी सांगितलंय, कुणालाच द्यायचा नाही. बापालासुद्धा?"

संगणकाच्या बाईंनी मान खाली घातली. शरमेने नव्हे. खरं सांगायचं तर त्यांना आतून बरं वाटलं होतं, आणि ते चेहऱ्यावर दिसू द्यायचं नव्हतं. इतकी वर्षं घसा फोडून सांगितलेलं एका तरी पोरीच्या डोक्यात शिरलं म्हणायचं!

"बापालासुद्धा," त्या हळूच म्हणाल्या.

"झालं तर मग! सोमवारपर्यंत वाट बघतो, तोवर घरीच बसेल ती. नाही सांगितला, तर दाखला काढून घेतो तिचा. शिकली तेवढं पुरे झालं." आणि तो तरातरा निघून गेला.

ही त्याची मुलगी आठवीत होती. एवढीशी चण, सतत कशात तरी गढलेली, म्हणून वर्गाने तिचं नाव मुंगी ठेवलं होतं. सगळी पोरं मधल्या सुट्टीत उंडारत असायची तेव्हा ही संगणकाच्या खोलीत बसून काहीबाही लिहायची. बाई जवळून गेल्या की पडद्यावर हात धरायची. बाईही मुद्दाम दुसरीकडे बघत जायच्या.

दरवर्षी पहिल्या तासाला बाई विचारायच्या, "पासवर्ड मैत्रिणीला सांगायचा?" पोरं ओरडायची, "नाही!" "भावाला?" "नाही!" "आईबाबांना?" इथे आवाज जरा बसायचा, तरी "नाही" यायचंच. मग शेवटी, "आणि मला?" त्यावर पोरं खिदळायची आणि छप्पर उडेल असं ओरडायची. मुंगी त्या वेळी ओरडली नव्हती. नुसती बघत राहिली होती. ज्या पोरी ओरडत नाहीत त्याच ऐकतात, हे बाईंच्या फार उशिरा लक्षात आलं.

मोठ्या बाईंनी त्यांना बोलावून घेतलं. "आईवडील सोडून कुणालाही नाही, असं सांगायला काय झालं होतं तुम्हाला? बाकी सगळ्या शाळांत तसंच सांगतात."

ते 'सोडून' संगणकाच्या बाईंच्या तोंडून निघतच नसे. कॉलेजात असताना त्यांना आलेलं प्रत्येक पत्र घरी आधी फोडलं जायचं आणि जेवताना थोरला भाऊ ते मोठ्यांदा वाचून दाखवायचा. त्यात वावगं काही नसायचं. एका मैत्रिणीची पत्रं, दुसरं काय! सगळे पोट धरून हसायचे, वडीलसुद्धा. पुढे त्यांनी त्या मैत्रिणीला लिहायचंच सोडून दिलं. पण हे मोठ्या बाईंना सांगून काय उपयोग?

"तुमच्याकडून उघडता येतं ना ते खातं?" मोठ्या बाई म्हणाल्या. "द्या उघडून आणि मिटवा. पोरीचं वर्ष वाया जाईल."

"उघडता येतं," बाई म्हणाल्या. "पण तिच्या पाठीमागे नाही उघडणार मी."

"मग तिला सांगायला लावा. ऐकेल तर तुमचंच ऐकेल."

रविवारी सकाळी बाई बसचालकाच्या घरी गेल्या. दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत खाट, खिडकीत वाळत घातलेला खाकी गणवेश. आईने पाणी आणून दिलं आणि दाराशीच उभी राहिली. बसचालक आज वेगळाच दिसत होता, उतरलेला.

"बाई, रागावू नका," तो म्हणाला. "आमच्या डेपोतल्या एकाची मुलगी. फोनवर कुणाशी तरी बोलायची. तिला वाटलं, मैत्रीण आहे. फोटो मागितले, हिने दिले. पुढे गावभर झाले ते. बिऱ्हाड हलवावं लागलं त्यांना. तो माणूस रोज माझ्या शेजारी बसून डबा खायचा हो. आता मान वर करत नाही. मला झोप येत नाही बाई."

बाईंना त्याचा राग धरून ठेवता येईना. हा माणूस दुष्ट असता तर किती सोपं झालं असतं!

"तिने तसं काही केलेलं नाही," त्या म्हणाल्या.

"तुम्ही बघितलंय?"

बाईंनी काहीच बघितलं नव्हतं. न बघणं हेच तर त्यांनी जन्मभर केलं होतं.

मुंगी आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. आठवडाभर शाळा नाही, तोंड सुकून गेलेलं. बाई तिच्याशेजारी जमिनीवर टेकल्या.

"मी नाही सांगितला बाई," ती लगेच म्हणाली. "त्यांनी हात उगारला तरी नाही सांगितला."

बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "माहीत आहे गं बाळ."

"तुम्ही त्यांना समजवायला आलात ना?"

यावर काय बोलायचं ते बाई रस्ताभर जुळवत आल्या होत्या. त्यातलं एक अक्षर आठवेना. "सांगून टाक," त्या म्हणाल्या. "शाळा सुटण्यापेक्षा बरं. ते काळजीपोटी मागताहेत."

मुंगीने त्यांच्याकडे पाहिलं. रडली नाही, भांडली नाही. भांडली असती तर बाईंना हायसं वाटलं असतं. "तुम्ही म्हणता म्हणून," एवढंच बोलून ती उठली आणि बापाच्या फोनवर स्वतःच्या हाताने पासवर्ड टाकून दिला.

बसचालक कपाळाला आठ्या घालून वाचू लागला. गृहपाठ. विज्ञानाची चित्रं. मग काही ओळी. त्याच्या आठ्या गेल्या. मग तो हसला, अगदी मनापासून, ओझं उतरल्यासारखा.

"अगं ए, इकडे ये!" त्याने बायकोला हाक मारली. "पोरगी कविता करते आपली! ऐक, 'बस म्हणाली मला आता डेपोत जायचं नाही, दिवसभर सगळ्यांना सोडलं, मला कुणी सोडत नाही.' वा गं वा! एवढ्यासाठी हा तमाशा?"

आईही हसली. तो पुढची वाचू लागला, मोठ्यांदा, हातवारे करत. त्याच्या आवाजात कौतुक ओसंडत होतं. पुढची एक त्याच्याच ओरडण्यावर होती. तीही त्याने वाचली आणि डोळे पुसत हसला. "बापाला बरं पकडलंय हं!"

मुंगी दाराच्या चौकटीपाशी उभी राहून पायाच्या अंगठ्याने फरशी घासत होती. बाईंना वाटलं, उठावं आणि तो फोन त्याच्या हातातून काढून घ्यावा. पण आज सुटल्यासारखा हसणाऱ्या बापाला काय म्हणून सांगायचं? त्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि रिकामा असूनही तोंडाला लावला.

"सोमवारी पाठवतो हं बाई," बसचालक त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडायला आला. "तुमचे फार उपकार झाले."

सोमवारी मुंगी आली. वेण्या घट्ट घातलेल्या, वही-पुस्तकं नीट. मधल्या सुट्टीत बाईंनी तिला बोलावून घेतलं. "ये, नवा पासवर्ड कर. तो जुना आता बाबांच्या फोनात राहिलाय. बाबांशी मी बोलेन, पुन्हा मागणार नाहीत."

"कशाला बाई?" मुंगी शांतपणे म्हणाली. "आत काहीच नाही आता. मी पुसून टाकलं सगळं."

"सगळं?"

"हो." मग बाईंनाच वाईट वाटू नये म्हणून की काय, ती समजूत घातल्यासारखी म्हणाली, "तुम्हीच टाका ना कोणताही. चालेल मला."

बाईंनी बऱ्याच वेळाने एक पासवर्ड टाकला आणि तो तिला दोनदा सांगितला. मुंगीने मान हलवली, "हो बाई" म्हणाली, आणि मैदानावर ओरडणाऱ्या पोरांकडे निघून गेली.