पुढचं वल्हं

फोटो. सकाळचा अरुंद कालवा. हिरवं पाणी, त्यात दोरीवरच्या चादरींचं थरथरतं प्रतिबिंब. कोपऱ्यावरच्या पोपडे उडालेल्या भिंतीवर ऊन नुकतंच टेकलंय. माणूस नाही.

माणूस होतं. चादरींच्या वर, तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत, चौकटीच्या जराशी बाहेर ओर्सोला उभी होती. तोंडात चिमटा, हातात उशीचा ओला अभ्रा.

होडी कोपऱ्यावर वळवण्याआधी आरोळी द्यायची असते, पलीकडून कुणी येत असेल तर त्याला कळावं म्हणून. ओए! ज्याची त्याची आरोळी वेगळी. खिडकीतून डोकं बाहेर न काढता बायका सांगतात, हा भाजीवाला, हा बर्फवाला, हा आपला. ओर्सोलाच्या नवऱ्याची, तुल्योची आरोळी शेवटी एकदम वर चढायची, जिना चढताना शेवटच्या पायरीवर उडी मारावी तशी.

त्या सकाळी आरोळी आली ती अगदी तशीच. शेवटी वर चढणारी. फक्त आवाज बाईचा होता.

समोरच्या खिडकीतल्या एल्दाने मान बाहेर काढली. एल्दाची मान अशा वेळी कधी चुकत नाही.

"अगं ओर्सोला, तुझ्या नवऱ्याचा आवाज फुटला की काय? या वयात?"

"सर्दी झालीय त्याला."

"अस्सं. सर्दीला निळी टोपी छान दिसतेय हं."

ओर्सोलाने अभ्रा इतका जोरात पिळला की खालच्या मजल्यावरच्या कुंडीला पाणी मिळालं.

*

निळी टोपी रेनातेची. रेनाते ग्रात्सची, ऑस्ट्रियातली. दर वसंतात यायची, कॅमेरा घेऊन. जगात इतकी शहरं पाहिली पण जीव जडला तो व्हेनिसवरच, असं ती भेटेल त्याला सांगायची. मासळीबाजारात तुल्योलाही तिने हेच सांगितलं होतं, आणि तुल्यो, जो निवृत्त झाल्यापासून घरात मीठ हवं असेल तेव्हाच तोंड उघडायचा, तो म्हणाला होता, "मग रस्त्यावरून काय बघताय? पाण्यावरून बघा."

जन्मभर त्याने बोटबस चालवली. आता त्याच्याकडे उरली होती ती आपली होडी, उभं राहून वल्हवायची, सपाट बुडाची. पहिल्या वसंतात तो रेनातेला "सिन्योरा" म्हणायचा. दुसऱ्या वसंतात "सिन्योरा रेनाते". यंदा नुसतं "रेनाते".

ओर्सोलाचं लक्ष होतं. पायऱ्या झिजतात तशी ही हाक झिजत गेली होती.

*

(इथे फोटो हवा होता, पण तो कुणी काढलेला नाही. तरुण तुल्यो होडीच्या मागच्या टोकाला, तरुण ओर्सोला पुढच्या टोकाला, दोघं उभी, दोघांची तोंडं एकाच दिशेला, वल्ही एकदम पाण्यात. मागचा दिशा सांभाळतो. ताल देतो तो पुढचा. मागच्याने कितीही जोर लावला तरी पुढच्याच्या तालावर चालावं लागतं. लग्न ठरल्यापासून ताल ओर्सोलाचा होता. मग हॉटेलच्या धुलाईत ओल्या चादरींचा गठ्ठा उचलताना तिचा खांदा गेला, आणि ती स्वतःच म्हणाली, "यंदा नको." यंदा, म्हणाली होती. नीट लक्षात ठेवा.)

*

फोटो. फोटो. फोटो. जेवणाच्या टेबलावर, मेणकापडावर, वाटाण्याच्या भाताच्या ताटल्या सरकवून रेनातेने छापील फोटो मांडले.

"हा कसला सुरेख उजेड!" ती म्हणाली.

"नुसता उजेड नाही तो," तुल्यो म्हणाला. "समोरच्या भिंतीवरून पाण्यावर पडतो आणि पाण्यावरून पुलाच्या पोटात. दोनदा उडी मारून आलेला. सकाळी थोडाच वेळ असतो. वारा आला की संपला."

ओर्सोला भात वाढता वाढता थांबली. इतक्या वर्षांत पुलाच्या पोटाबद्दल तो तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता. स्वतःच्या पोटाबद्दल मात्र रोज बोलायचा.

"तुम्ही किती भाग्यवान, सिन्योरा," रेनाते म्हणाली. "हे सगळं रोज तुमच्या दारात."

"हो ना. रोज झाडते मी ते."

रेनाते मनापासून हसली. तिचा राग येणंही अवघड होतं, आणि त्याचाच ओर्सोलाला राग आला. तिने रेनातेच्या ताटलीत भात वाढला, पण तळाशी साठलेले डुकराच्या मांसाचे खरपूस तुकडे मोठ्या सफाईने बाजूला ढकलले. ते एल्दाला देईन, असं मनात म्हणाली. एल्दाला!

"माझ्या व्हेनिसमध्ये गर्दी नाही," रेनाते फोटो दाखवत म्हणाली. "माझं व्हेनिस शांत आहे."

माझं. ओर्सोलाने फोटो निरखले. भिंत होती, पाणी होतं, खुंट होते, मांजर होतं. चादरी होत्या. चादरी ओर्सोलाच्या होत्या, तिने धुतलेल्या, तिने वाळत घातलेल्या. पण तिच्या चादरी वाळत होत्या रेनातेच्या व्हेनिसमध्ये.

मग हा फोटो.

होडीचा पुढचा भाग. काठावर उभा केलेला अक्रोडाच्या लाकडाचा खुंट, ज्याच्या खाचेत वल्हं टेकवतात. आमच्याकडे त्याला फोर्कोला म्हणतात. वाकलेलं कोपर असावं तसा आकार, एका बाजूने ऊन, दुसऱ्या बाजूने सावली. मोठा गोड फोटो. कुणालाही भिंतीवर लावावासा वाटेल.

"हे तर शिल्पच," रेनाते म्हणाली.

ओर्सोलाने पळी पातेल्यात ठेवली. त्या खाचेच्या खाली एक काळसर गाठ होती. ती गाठ तिने डोळे मिटूनही ओळखली असती. फोर्कोला बाजारात तयार मिळत नाही. कारागीर माणसाला समोर उभं करतो, उंची बघतो, हात बघतो, आणि मग लाकडाला हात घालतो. हा खुंट तिचा होता. दिवाणखान्याच्या फळीवर होता. सकाळी धूळ पुसताना त्याच्यावर कापड टाकलेलं दिसलं होतं. कापडाखाली काय होतं, ते तिने पाहिलं नव्हतं.

"हा कुणाचा?" तिने विचारलं. आवाज अगदी साधा.

तुल्योने पाव मोडला. "पडूनच होता."

"मी म्हटलं यांना, मला जमणार नाही," रेनाते उत्साहाने म्हणाली. "पण उभी राहिले आणि काय सांगू, अगदी बरोबर बसला मला! जणू माझ्यासाठीच केलेला!"

तिला काय माहीत. तिला खरोखरच काही माहीत नव्हतं. पण ओर्सोलाला मात्र आपला लग्नाचा झगा दुसऱ्या बाईच्या अंगावर बघावा, आणि तो तिला बसावाही, तसं झालं.

"भात घ्या अजून," ती म्हणाली.

*

(इथे फोटो नाही. रेनाते गेली आहे. स्वयंपाकघर.)

"कापडाखाली काय ठेवलं होतंस?"

"बाटली."

"बाटली! माझ्या फोर्कोलाच्या जागी दारूची बाटली! निदान चांगली तरी?"

"ओर्सोला, लाकूड आहे ते. वापरलं नाही तर चिरतं."

"आणि मी?"

तुल्योने टोपी खुंटीला अडकवली, मग काढली, मग परत अडकवली.

"तूच म्हणालीस नको."

"यंदा नको म्हणाले होते! ते यंदा केव्हाच संपलं. तू एकदा तरी विचारलंस?"

"तुझा खांदा..."

"खांदा माझा आहे. मी बघीन त्याचं. आणि आरोळी? आरोळीही पडूनच होती का? साऱ्या कालव्याला वाटलं, मी मेले आणि तू दुसरी आणलीस. एल्दा तर कपाटातून काळे कपडे काढायला धावली असती."

"फोटो काढायला येते ती. उगाच काहीतरी मनात घेऊ नकोस."

"ती फोटो काढते ते दिसतं मला. तू काय काढतोस ते सांग. पुलाच्या पोटातला उजेड! माझ्यापाशी तुला पुलाचं पोट कधी आठवलं नाही ते?"

यावर तुल्यो जे म्हणाला त्यात लबाडी नव्हती, म्हणून ते जास्त लागलं.

"तुला माहीतच आहे ना सगळं. माहीत असलेल्याला काय सांगायचं?"

*

फोटो. हललेला. हिरवा पट्टा, विटकरी पट्टा.

फोटो. हललेला. पूल असावा.

फोटो. नुसतं आकाश, कोपऱ्यात कुणाची तरी कौलं.

सकाळी रेनाते आणि तुल्यो पायऱ्यांपाशी आले तेव्हा पुढच्या टोकाला ओर्सोला उभी होती. फोर्कोला बसवलेला, वल्हं हातात, अंगात हॉटेलची जुनी राखाडी लोकरी बंडी.

"या," ती रेनातेला म्हणाली. "मध्ये बसा. फोटोवाल्या माणसाने बसायचं असतं."

"किती छान! तुम्हीही येताय!"

तुल्यो मागे जाऊन उभा राहिला.

ओर्सोलाने पहिलं वल्हं मारलं आणि खांद्यात सुरी फिरली. दुसरं मारलं. तिसऱ्याला ताल लागला, आणि तो ताल फोटो काढायचा नव्हता. शर्यतीचा होता.

"इथे जरा सावकाश," रेनाते म्हणाली. ती जागा गेली.

"तो दरवाजा... अरेरे." दरवाजा गेला.

"तुल्यो, थांबवता का?"

"मी नाही थांबवू शकत," मागून तुल्योचा आवाज आला, धापा टाकत. "पुढे ती आहे. तिला विचारा."

ओर्सोलाने ऐकलं. बरं वाटलं, पण पुरेसं नाही. कोपरा आला. तिने तोंड उघडलं आणि आरोळी दिली, स्वतःची, नवऱ्यासारखी शेवटी वर न चढणारी, सरळ भिंतीवर जाऊन आदळणारी. ओए! वर कुठलीतरी झडप उघडली.

"कोण ते?" म्हातारा आवाज.

"मीच!" ओर्सोला ओरडली.

कालवा संपला आणि एकदम उघडं पाणी लागलं. हवा धुऊन काढल्यासारखी. समोर दफनभूमीच्या बेटाची विटांची भिंत, सुरूची काळी झाडं, आणि त्यांच्या मागे, वसंतात क्वचितच एखाद्या सकाळी दिसतात तसे, बर्फाचे डोंगर. सगळेच्या सगळे.

रेनाते उभीच राहिली. होडी डुचमळली. "थांबा," ती म्हणाली, आणि या वेळी तिचा आवाज बदलला होता. "सिन्योरा, कृपा करा. याच्यासाठीच मी दर वर्षी येते. अजून एकदाही मिळाले नव्हते."

ओर्सोलाने वल्हं आडवं धरून पाणी अडवलं. होडी थांबली. ताल तिचा होता, थांबणंही तिचंच.

पुढे उभ्या असलेल्याला मागचं दिसत नाही. दोन्ही माणसं तिच्या पाठीमागे होती. तुल्यो कुणाकडे बघतोय, डोंगरांकडे, निळ्या टोपीकडे की तिच्याकडे, हे कळायला मार्ग नव्हता. वळून बघितलं असतं तर कळलं असतं. ती वळली नाही. जे दिसेल ते नको असलं तर?

"जरा बाजूला होता का?" रेनाते म्हणाली. "अगदी थोडं. तुम्ही बरोबर मध्ये येताय."

"माहीत आहे," ओर्सोला म्हणाली.

"डोंगर ढगात जातील हो!"

"मग काढा लवकर."

खांदा ठणकत होता. ते मागून कळू नये म्हणून ओर्सोलाने कोपरं अंगाशी घट्ट धरली आणि पाय आणखी फाकवून उभी राहिली.

*

फोटो. उघडं पाणी. डावीकडे विटांची भिंत. उजवीकडे बर्फाचं एक टोक. मध्ये, वरपासून खालपर्यंत, राखाडी लोकरीची रुंद पाठ.